तितर : एक पक्षी?

ठाकूरद्वारच्या चाळीत राहणाऱ्या माणसाचे पक्षिज्ञान कावळा, कबुतर आणि चिमणी यांच्यापाशी संपते. त्यात मी मराठीचा प्राध्यापक. ‘तितर : एक पक्षी’ एवढा अर्थ हाती लागला की आमचे समाधान होते. याज्ञवल्क्याने ओकलेला यजुर्वेद इतर शिष्यांनी तित्तिर होऊन टिपला, म्हणून तैत्तिरीय शाखा. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तला पुंडरीकाचा मित्र कपिंजल, तर कपिंजल म्हणजेही तितरच! परीक्षेला एवढे पुरते.

यंदा श्रावणात सासवडला मेहुण्यांकडे गेलो होतो. पहाटे आम्ही उभयता माळावर फिरायला निघालो, तो बाभळीच्या काटवनातून खणखणीत आवाज आला, ‘क-तीतर, क-तीतर!’ मी ऐटीत म्हणालो, “तितर!” जरा पुढे गेलो, तर गवतातून दुसराच किरकिरा आवाज, ‘चिक्, चीक्-चीक्-केरे.’

“अहो, मग हा कोण?” हिने विचारले.

“हाही तितरच असणार,” मी वेळ मारून नेली.

मेंढरे घेऊन चाललेला एक म्हातारा हसला. “पाव्हणं, ह्यो येगळा. ह्यो पावसाळ्यात बोलतो आन् गवात सोडत न्हाय. त्या टेकाडावर बी हुता. पलाटाचं दगड रोवलं, तवाधरनं तिथला गप झाला.”

घरी येऊन पुस्तके उघडली. म्हाताऱ्याचे बरोबर होते. दोघेही अर्ध्या वाढीच्या कोंबडीएवढे, आखूड शेपटीचे. उडणे थोडे, पळणे फार. पहिला राखी तितर. अंगभर बारीक आडव्या रेघा, पिवळसर गळ्याभोवती काळी कड, नराच्या पायाला काटा. दुसरा रंगीत तितर. चेहरा आणि गळा तांबूस, छाती-पोटावर काळ्यात पांढरे ठिपके, जणू खडीची चंद्रकळा! पायाला काटा बहुधा नसतोच.

पण खरा फरक बिऱ्हाडाचा. राखी तितराला कोरडा माळ, काटेरी झुडपे, गावाजवळचे बांध, काहीही चालते. त्याची वीणही जवळजवळ बारमाही. रंगीत तितराला मात्र गवत हवे, त्यात मधूनमधून झाड हवे. घरटे जमिनीवर, तेही मुख्यतः पावसाळ्यात. गवत गेले की त्याचे घर आणि पाळणा दोन्ही गेले.

आणि गवताळ माळाला आपण नाव काय दिले आहे? सरकारी दप्तरात पुष्कळदा ‘पडीक’! दोन्ही तितरांची शिकार आज कायद्याने बंद आहे; पण पडीक जमीन नांगरायला किंवा तिचे प्लॉट पाडायला बंदूक लागत नाही. मग कोणी विचारले, तर लोक सांगतात, “तितर आहेत की अजून!” असतातही. पण ते राखी. दोघांना आपण एकच शब्द ठेवला, म्हणून दुसरा गेल्याचे कोणाला कळतच नाही.

आमच्या ठाकूरद्वारापासून पायी थोड्याच अंतरावर खेतवाडी. तिथे वाढणाऱ्या सलीम अली नावाच्या मुलाने १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ‘ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती?’ एवढे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. मी त्याच गल्ल्यांतून इतकी वर्षे कॉलेजला जातो, पण ‘कोणता?’ हे विचारावेसे कधी वाटले नाही.

परवा वर्गात पुन्हा कपिंजल आला. या वेळी मी म्हणालो, “काही अभ्यासकांच्या मते हा राखी तितर.”

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, म्हणजे दुसरा कुठला आहे का?”

या शब्दावर माझ्या वर्गात विचारला गेलेला हा पहिलाच प्रश्न. तास संपल्याची घंटा झाली, तरी त्या दिवशी कोणी उठले नाही.