निमजचे नामदेव जाधव

नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, शेतकऱ्याच्या घरचा पोर. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदीवर त्याने जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग दुसऱ्यासाठी पुन्हा गेला. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती फेकली आणि हातबॉम्बने मशीनगनची ठाणी बंद पाडली. बांधावर चढून मराठा पलटणीची आरोळी ठोकली.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे जाधव 1984पर्यंत जगले. आपण मात्र लिहितो ते त्या एकाच दिवसाबद्दल! म्हणून या अंकात माजी सैनिकांच्या घरच्यांना बोलतं केलंय. विहीर, सोसायटीचं कर्ज, लेकींची लग्नं हेच जास्त निघालं. लढाई जेमतेम दोन-तीन पानं.