जखमी पक्षी, हळदीची वाटी आणि जयणा



संक्रांत जवळ आली की मला ओळखीच्या बायकांचे फोन सुरू होतात. मांज्याने पंख कापलेले कबुतर गच्चीत पडलेले असते, हळदीची वाटी हातात तयार असते आणि प्रश्न एकच, "आता काय लावू?" नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि पाखरे कापली जातात.

माझे मत आधीच सांगते. खोल जखम घरी बरी करायला जाऊ नये. आपल्या हातात पहिला एक-दोन तास असतो, तो नीट सांभाळावा आणि पक्षी जाणकाराच्या हाती द्यावा. काहींना हे कठोर वाटेल. "आपल्या दारात आलेला जीव दुसऱ्याकडे कसा सोपवायचा?" असे एक मावशी मला म्हणाल्या. पण आपल्या धर्मात दयेच्या आधी ज्ञान ठेवले आहे, ते उगीच नाही.

मी कॉमर्सची, म्हणून आधी हिशेब मांडते. कबुतराचे वजन साधारण 300 ग्रॅम. त्याच्या अंगात रक्त असते 25 ते 30 मिली, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. फरशीवर एक चमचाभर रक्त दिसले तर आपल्याला ते थोडे वाटते, पण त्याची पाचवा-सहावा हिस्सा पुंजी गेलेली असते. म्हणून पहिले काम रक्त थांबवणे. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर पाच मिनिटे हलक्या हाताने दाबून धरा. मधे मधे उचलून पाहू नका. छाती मात्र दाबू नका आणि तिच्यावर घट्ट पट्टीही बांधू नका. पक्ष्याला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो. छातीचे हाड हलले तरच त्याला श्वास घेता येतो.

मांजा अडकला असेल तर ओढू नका. बाहेर दिसतो तेवढा कात्रीने कापा, मांसात रुतलेला डॉक्टर काढतील. मग बुटाच्या खोक्याला भोके पाडून आत जुने सुती कापड अंथरा, पक्षी ठेवा आणि झाकण लावा. अंधारात तो शांत होतो. पक्ष्याचे अंग मुळातच 40 ते 42 अंश सेल्सिअस गरम असते. तो ताप नव्हे. जखमी पक्षी उलट गार पडत जातो, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि घरात दमेकरी असेल तर खोके वेगळ्या खोलीत ठेवा. नातवंडांना दर पाच मिनिटांनी झाकण उघडू देऊ नका. आपल्याला ते प्रेम वाटते, त्याला मात्र ती शिकाऱ्याची चाहूल वाटते.

आता हळदीच्या वाटीबद्दल. तूप, तेल, मलम पिसांना लागले की पिसे चिकटतात आणि अंगाची ऊब जाते. आपल्या मलमांतली काही वेदनाशामके छोट्या पक्ष्याला विषासारखी असतात. डेटॉल उघड्या मांसाला जाळते. जखमेत माती असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा आणि त्या पाण्याने बाजूबाजूने पुसा. पंखाचे हाड बाहेर आले असेल तर तिथे पाणी ओतू नका. पंखाचे वरचे हाड पोकळ असते आणि श्वासाच्या पिशव्यांना जोडलेले असते, पाणी थेट आत जाते. चोचीतही पाणी घालू नका. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते. दूध तर नकोच, पक्ष्याला ते पचत नाही.

दोन जखमा फसव्या असतात. मांजराने धरलेल्या पक्ष्यावर टाचणीएवढे भोक दिसते, पण मांजराच्या तोंडातले जंतू एक-दोन दिवसांत त्याचा जीव घेतात. त्याला त्याच दिवशी प्रतिजैविक मिळायला हवे. दुसरी गळ्याखाली. कबुतर दाणे खाते आणि ते छातीवरून गळताना दिसतात. म्हणजे अन्नाची पिशवी फाटली आहे. तिथे टाकेच हवेत.

आता आपल्या घरातला खरा अवघड प्रश्न. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते, आणि उन्हाळ्यात दिवसाभरात त्यातून अळ्या निघतात. काढल्या तर अळ्या मरतात, ठेवल्या तर पक्षी. काही घरांत या धर्मसंकटात काहीच केले जात नाही आणि पक्षी तळमळत जातो. मला वाटते, डॉक्टरांकडून अळ्या काढून घ्याव्यात. श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. इथे हेतू पंचेंद्रिय जीव वाचवण्याचा आहे. दोष लागतो तो नाकारू नये, संध्याकाळी प्रतिक्रमणात त्याची क्षमा मागावी. पण खरी जयणा त्याच्या आधीची आहे. पहिल्या दहा मिनिटांत खोके पातळ कापडाने झाकले, तर माशी बसत नाही, अंडी पडत नाहीत आणि दोन्हीकडचे जीव वाचतात. "संध्याकाळी बघू" म्हणण्यात जो प्रमाद आहे, तोच पुढच्या हिंसेचे मूळ आहे.

आणि घार किंवा घुबड सापडले तर? आपण मांस देऊ शकत नाही, आणि पोळी-दुधावर ते जगत नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरातला आपला पक्ष्यांचा दवाखाना प्रसिद्ध आहे. तिथेही मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना मुक्कामी ठेवत नाहीत. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातला मेघरथ राजा आठवा. त्याने कबुतर दिले नाही, पण ससाण्याची भूकही खोटी ठरवली नाही, स्वतःचे मांस तागडीत घातले. आपल्याकडून तेवढे होणार नाही. निदान त्या जीवाला उपाशी ठेवून आपली अहिंसा सांभाळू नये. वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करावा. तसेही घार, घुबड, पोपट घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पर्युषणात आपण जीवदयेच्या खात्यात उत्साहाने रक्कम लिहितो. डॉक्टरांपर्यंतचे रिक्षाभाडे आणि टाक्यांची फी हीसुद्धा त्याच खात्यात मांडा. तोंडाला रुमाल बांधून, खोके मांडीवर घेऊन भर दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसणे, हीही आराधनाच आहे. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. एक खोके, सुती कापड आणि हातमोजे बाजूला काढून ठेवा. जवळ पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, ते किती वाजेपर्यंत असतात, हे विचारून क्रमांक फ्रिजवर चिकटवा. मग हळदीची वाटी खुशाल फोडणीसाठी ठेवा.