चुलीला एक न्याय, धुराड्याला दुसरा

हवेच्या प्रदूषणाने देशात किती माणसे मरतात, असा प्रश्न संसदेत आला की सरकारचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. केवळ प्रदूषणामुळेच मृत्यू किंवा आजार होतो असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही. आहार, व्यवसाय, आर्थिक-सामाजिक स्थिती, पूर्वीचे आजार, प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता अशा अनेक गोष्टींचा तो एकत्रित परिणाम असतो, असे सांगितले जाते. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर लोकसभेत याच्याही पुढे गेले. प्रदूषणाने आयुष्य घटते असे एकाही भारतीय अभ्यासात दिसलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर मंत्री बदलले, अधिवेशने झाली, उत्तराचा गाभा तोच राहिला. डिसेंबर २०२५ च्या हिवाळी अधिवेशनातही तो ऐकू आला. दिल्लीची हवा तेव्हा श्वास घेण्याच्या लायकीची नव्हती. या उत्तराला पुष्कळ लोक शास्त्रीय सावधपणा समजतात. माझे म्हणणे असे की त्यात सावधपणा मुळीच नाही. उपलब्ध पुराव्यापुढे ते टिकत नाही, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जिथे सोयीचे होते तिथे सरकारने स्वतःच नेमकी याच्या उलट भूमिका घेतलेली आहे.

ती उलट भूमिका आधी पाहू. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उज्ज्वला योजना मंजूर केली. गरीब घरातल्या बाईच्या नावाने गॅसजोडणी देणाऱ्या या योजनेचे समर्थन करताना सरकारी पत्रकात जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला होता: अस्वच्छ इंधनावर स्वयंपाक केल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख मृत्यू होतात. स्वयंपाकघरातली उघडी चूल म्हणजे तासाला ४०० सिगारेटी जाळण्यासारखे आहे, हे तज्ज्ञांचे मतही तिथेच दिलेले होते. ही योजना योग्य होती आणि तिचे कारणही खरे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी आठ कोटीवी जोडणी दिली, तेव्हा धुराने बायका मरतात हे गृहीत धरूनच सगळा सोहळा झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी लोकसभेत सांगण्यात आले की धुराने आयुष्य घटते असे भारतात सिद्धच झालेले नाही. त्या ५ लाखांपैकी एका तरी बाईच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘चूल’ असे लिहिलेले होते का? चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आहार नव्हता का, आनुवंशिकता नव्हती का, गरिबी नव्हती का? हे सगळे होते, आणि तरीही सरकारने अनुमानित आकडा स्वीकारला, कारण साथरोगशास्त्राचे काम याच रीतीने चालते. मग लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण घातक आणि कोळशाच्या वा डिझेलच्या धुरातले तसलेच कण संशयाचा फायदा मिळवून निर्दोष, हे कोणत्या शास्त्रात बसते?

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो. चुलीसमोर धुराची घनता रस्त्यावरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असते, तेव्हा दोन्हींची बरोबरी कशी करायची? बरोबरी कोणी करीत नाही. पण कणांचे प्रमाण वाढते तसा धोका सरळ रेषेत वाढत नाही, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. कमी प्रमाणातच तो झपाट्याने चढतो आणि फार जास्त प्रमाणाला चढ मंदावतो. म्हणून तुलनेने ‘बऱ्या’ हवेच्या शहरातही नुकसान थोडे नसते. शिवाय चुलीपुढे घरातली एक-दोन माणसे असतात, बाहेरच्या हवेतून मात्र कोणाचीच सुटका नाही.

आता ‘भारतीय अभ्यास नाही’ या दाव्याकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, ही केंद्राच्या आरोग्य खात्याखालची संस्था. तिच्या सहभागाने झालेला राज्यनिहाय अभ्यास ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१७ साली प्रदूषित हवेमुळे १२.४ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज होता. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या अभ्यासात २०१९ साठी हा आकडा १६.७ लाख, म्हणजे देशातल्या एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के होता. लोकसभेतले विधान झाले तेव्हा पहिला अभ्यास छापून वर्ष झाले होते. दुसऱ्यात तर या लेखाच्या विषयाला थेट भिडणारी गोष्ट आहे. १९९० ते २०१९ या काळात घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ६४ टक्क्यांनी घटला आणि बाहेरच्या सूक्ष्म कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ११५ टक्क्यांनी वाढला. चुलीविरुद्ध आपण जिंकत होतो आणि त्याच वेळी दाराबाहेर हरत होतो. दोन्ही निष्कर्ष एकाच अभ्यासाचे, एकाच पद्धतीने काढलेले. पहिला मानायचा आणि दुसरा नाकारायचा, असे करता येत नाही.

आकडे गणिती प्रारूपातून येतात, १२.४ की १६.७ हेच ठरत नाही, म्हणून ते अविश्वसनीय, असेही म्हटले जाते. पद्धत सुधारली, माहिती वाढली की अंदाज बदलणारच. यांतला कोणताही अंदाज शून्याच्या जवळपास येत नाही, हे महत्त्वाचे. आणि ज्यांना प्रारूपच नको आहे त्यांच्यासाठी दुसऱ्या जातीचा पुरावाही आहे. २०२४ मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई, सिमला यांसह दहा शहरांचा अभ्यास आला. २००८ ते २०१९ या काळातल्या नोंदवलेल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंची त्या त्या दिवसाच्या पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांच्या, पातळीशी त्यात सांगड घातली होती. कणांचे प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की त्या दिवसांतले मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात, आणि या शहरांतल्या एकूण मृत्यूंपैकी ७.२ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३३ हजार, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेबाहेरच्या हवेशी जोडता येतात, असे त्यातून दिसले. मुंबईचा वाटा वर्षाला सुमारे ५,१००, पुण्याचा सुमारे १,४००. संसदेतल्या उत्तरात आहार, व्यवसाय, आनुवंशिकता ही जी यादी असते तिला या अभ्यासाची रचनाच उत्तर देते. इथे एका शहराची तुलना दुसऱ्या शहराशी केलेली नाही. त्याच शहरातल्या त्याच लोकसंख्येचा एक दिवस दुसऱ्या दिवसाशी ताडून पाहिला आहे. मंगळवारी हवा बिघडली म्हणून पुणेकरांची आनुवंशिकता बदलत नाही. व्यवसाय बदलत नाही, आहार बदलत नाही, गरिबी तेवढीच राहते. बदलते ती हवा, आणि तिच्याबरोबर स्मशानातली नोंद.

राहिली ‘केवळ प्रदूषणामुळेच’ ही अट. ही अट लावली तर जगातले कोणतेही सार्वजनिक आरोग्यधोरण उभे राहणार नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या वेळी महाराष्ट्राने हाच युक्तिवाद ऐकला आहे: मूल न्यूमोनियाने गेले, अतिसाराने गेले, कुपोषणाने नव्हे. पण भुकेने खंगलेले शरीर न्यूमोनिया पेलू शकत नाही, हे कळायला मोठे विज्ञान लागत नव्हते. तंबाखूचेही तसेच. २०१५ मध्ये संसदीय समितीचे अध्यक्ष असलेले अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले होते की तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारे अभ्यास सगळे परदेशी आहेत, भारतात तसा अभ्यास झालेला नाही. त्यावर देशभर टीका झाली. सरकारने ते म्हणणे शेवटी मानले नाही, हे त्याच्या श्रेयाचे आहे. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के जागेत इशारा आला. तंबाखूच्या बाबतीत जो युक्तिवाद सरकारने झिडकारला, हवेच्या बाबतीत तोच ते शब्द बदलून वापरत आहे. दाखल्यावर प्रदूषण लिहिलेले नसते, हा मुद्दाही आता पूर्वीसारखा निर्विवाद राहिलेला नाही. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची फेरचौकशी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. याच लंडनमध्ये १९५२ च्या धुरक्याचे पुष्कळसे मृत्यू आधी इन्फ्लुएन्झाच्या खाती टाकले गेले होते. मृतांचा आकडा ४ हजार की १२ हजार यावर पुढे अर्धशतक वाद चालला, पण स्वच्छ हवेचा कायदा १९५६ मध्येच झाला.

आपला कायदाही निर्णायक पुराव्यासाठी थांबायला सांगत नाही. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने प्रदूषकाची व्याख्या करताना, अपाय होण्याची शक्यता वा प्रवृत्ती एवढेही पुरेसे मानले आहे. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांच्या खटल्यात, म्हणजे वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. आपले काम निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार उद्योगावर टाकला. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही हे तत्त्व लिहिलेले आहे. म्हणजे ज्याने धूर सोडला त्याने पुरावा द्यायचा, अशी कायद्याची रीत; आणि संसदेत मात्र ज्याचे फुफ्फुस गेले त्याच्याकडे पुरावा मागितला जातो.

हे उत्तर नुसते कागदावर राहिले असते तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. त्याची किंमत धोरणात मोजावी लागते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला आणि मुदत होती दोन वर्षांची. ती पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये तर अधिसूचना काढून देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना या बंधनातून मोकळे केले गेले. भारतीय कोळशात गंधक कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, अशी कारणे देण्यात आली. पण हा वायू वायूच राहत नाही. हवेत त्याचे सल्फेट कण होतात, तेच पीएम २.५ मध्ये मोजले जातात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. धुराड्याजवळ वायू मोजून समाधान मानले तर दूरच्या गावातल्या फुफ्फुसाचा हिशेब कोणीच करीत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचीही हीच गत आहे. २०१९ पासून चाललेल्या या कार्यक्रमात सुमारे १३० शहरे आहेत, त्यांतली १९ महाराष्ट्रातली, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. प्रगती मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये दाखवले की खर्चापैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीसाठी गेला आणि उद्योगांच्या प्रदूषणासाठी एक टक्काही नाही. रस्ते झाडणे आणि पाणी मारणे वाईट नाही, पण रक्तात उतरतात ते बारीक कण आणि ते जळण्यातून येतात. मृत्यूच मान्य नसले की कोणता कण मारतो हे पाहण्याची गरज उरत नाही.

विकासाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. गरीब देशाला स्वस्त वीज हवी, यंत्रणा बसवायला पैसा लागतो, तो शेवटी वीजबिलात येतो. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आपल्या धुळीच्या हवामानात गाठणे अवघडच आहे. यातले प्रत्येक विधान खरे असू शकते. पण हा युक्तिवाद करणाऱ्याला मृत्यू नाकारता येत नाहीत, मोजावेच लागतात. स्वस्त विजेसाठी इतके आयुष्य देण्याची आमची तयारी आहे, असे सरकारने आकड्यांसह म्हणावे. संसदेने त्यावर चर्चा करावी, लोकांनी ते मान्य करावे किंवा फेटाळावे. लोकशाहीत असा कठीण निर्णय घेता येतो. एका बाजूला खर्चाचे रुपये लिहिलेले आणि दुसरी बाजू कोरी, अशा हिशेबावर मात्र तो घेता येत नाही. आणि बाहेरच्या मर्यादा परक्या वाटत असतील, तर आपली स्वतःची ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा २००९ पासून आहे. ती अनेक शहरांनी अजून पाळलेली नाही, आणि दहा शहरांच्या अभ्यासाने तर भारतीय दैनिक मर्यादेच्या आतही मृत्यू वाढतात असे दाखवले आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. हवेच्या मृत्यूंविषयी संसदेत पुढचे उत्तर आयसीएमआरच्या अभ्यासांचा उल्लेख करून द्यावे. ते मान्य नसतील तर त्यांतली चूक दाखवावी. स्वच्छ हवा कार्यक्रमाचे मोजमाप पीएम २.५ वर व्हावे. वीजकेंद्रांना सवलत देण्यापूर्वी आरोग्य खात्याचे लेखी मत घेणे बंधनकारक असावे. आज त्या निर्णयात पर्यावरण आणि वीज खात्यांचा आवाज ऐकू येतो, डॉक्टरांचा नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर बांधकामांवर नियम आले, बेकऱ्यांच्या भट्ट्यांवर आदेश आले. पण त्यातून किती माणसे वाचली हे सांगणारी व्यवस्था उभी राहिली नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांकडे मृत्यूंची नोंद रोज होते, आणि हवा मोजणारी केंद्रेही याच शहरांत आहेत. ही दोन टिपणे शेजारी ठेवून दर महिन्याला प्रसिद्ध करायला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी.