मुक्तिसदनातील प्रार्थना

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विदुषी कन्या. १८७८ साली कलकत्त्यास मिळालेल्या ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या आणि १८८३ साली इंग्लंडात घेतलेली ख्रिस्ती दीक्षा, ही हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते. परंतु केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे घडले, त्याविषयी आपल्या घरांतून सहसा कोणी बोलत नाही. या महिन्यात त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून व १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून रमाबाईंनी शेकडो निराधार मुली केडगावास आणिल्या. तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींस अक्षरओळख, शेती, विणकाम व छपाई शिकविली जाई. वेल्स देशातील धर्मजागृतीची वार्ता आल्यावर १९०५ च्या आरंभापासून तेथे नेमाने प्रार्थना होऊ लागली. जूनच्या अखेरीस एके दिवशी मुली मोठ्याने रडू लागल्या, आपली पापे उघड सांगू लागल्या व सर्वजणी एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, देवास हाक मारू लागल्या. अंगात अग्नी संचारल्याचे कित्येकींनी सांगितले. पुढे १९०६ च्या अखेरीस काहीजणी अपरिचित वाणीत बोलू लागल्या. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील ज्या चळवळीपासून या पंथाचा इतिहास सांगण्याची रीत आहे, ती १९०६ च्या एप्रिलातली. केडगावचा प्रसंग तिच्याही आधीचा. तेथील मिनी एब्रॅम्स या बाईंनी या अनुभवावर लिहिलेले पुस्तक दूर चिली देशात पोहोचले व १९०९ साली तेथेही तशीच जागृती झाली.

हा गलबला कित्येक युरोपीय मिशनऱ्यांस रुचला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींचा पक्ष घेतला. हिंदी माणसाने आपल्या रीतीने देवास का आळवू नये, असा त्यांचा रोख होता. तरीही अपरिचित वाणी हीच कृपेची एकमेव खूण, असा आग्रह त्यांनी धरिला नाही.

आपण तरी नाक का मुरडावे? स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे अष्टसात्त्विक भाव आपल्याच शास्त्रकारांनी गणिले आहेत. कीर्तनात ज्यास आपण भक्तीचा उमाळा म्हणतो, त्यास परधर्मीयांच्या मंदिरात वेड म्हणणे न्यायाचे नव्हे.

तथापि एक प्रश्न टाळता येत नाही. जिला अन्न, वस्त्र व निवारा एकाच ठिकाणी मिळतो, तिची तेथील श्रद्धा कितपत स्वतंत्र? शारदासदनातील मुलींच्या धर्मांतराची शंका येताच रानडे व भांडारकर यांनी १८९३ साली तेथील सल्लागार मंडळ सोडिले, ते याच काळजीने. ती काळजी खोटी नव्हती. परंतु सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई स्वधर्मातच राहिल्या व त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, हेही तितकेच खरे. कर्व्यांचा अनाथबालिकाश्रम निघाला १८९६ साली. तोवर ज्यांनी रमाबाईंच्या दारावर बोट ठेविले, त्यांपैकी किती जणांनी आपले दार उघडिले होते?

आम्हांस विशेष वाटते ते भाषेचे. गीर्वाणवाणीत सभा जिंकणाऱ्या या विदुषीने उतारवयात मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि ते मुद्दाम साधे ठेविले, की केवळ अक्षरओळख झालेल्या बाईसही ते कळावे. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातील बायकांनीच केले. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर १९२४ साली बाहेर पडला.

त्या कल्लोळात देव बोलला की मनाचे साचलेले दुःख बोलले, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. इतके मात्र निश्चित, की ज्या मुलींचे म्हणणे तोवर कोणी ऐकिले नव्हते, त्या तेथे मोठ्याने बोलल्या व त्यांस कोणी गप्प बसविले नाही. सोवळ्याओवळ्यात, माजघराच्या अंधारात, आपल्या पणज्यांपैकी कितीजणींस एवढे लाभले, याचा हिशेब प्रत्येक घराने आपल्यापाशी करावा. धर्म सोडून गेलेल्यांवर रागावण्यापूर्वी तो हिशेब पुरा झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.