रुग्ण कोणाचा?

'बेपत्ता' हा शब्द आपण सहसा घर सोडून गेलेल्या माणसासाठी वापरतो. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात तो ८२ वर्षांच्या एका करोनाग्रस्त वृद्धेसाठी वापरला गेला. भुसावळहून त्यांना तेथे हलवले होते. पुढे त्या वॉर्डात दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्या बेपत्ता असल्याचे पोलिसांना कळवण्यात आले. १० जूनला रुग्णालयातल्याच एका बंद शौचालयात त्यांचा मृतदेह सापडला. ज्यांना बेपत्ता ठरवले, त्या रुग्णालयाच्या बाहेर गेल्याच नव्हत्या.

अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. त्या दिवसांत जळगावचा करोनाचा मृत्युदर देशाच्या सरासरीहून खूपच वर होता आणि रुग्णालयावरचा ताण मोठा होता. हे मान्य करूनही प्रश्न उरतो. सुमारे आठ दिवसांत कित्येक पाळ्या बदलल्या असतील. त्यांपैकी एकाही पाळीत ही आपली रुग्ण आहे, ती गेली कोठे, असे कोणाला का वाटले नाही? त्यांना खाट मिळाली होती, कागदावर नावही चढले होते. सर्वांना समान आरोग्यसेवा या विषयावर बोलताना आपण जे मोजतो, ते बहुतेक सारे त्यांच्या वाट्याला आले होते.

धुळ्याचे उदाहरण याच्या उलट वाटेल. १२ मार्च २०१७ च्या रात्री अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण तेथील शासकीय रुग्णालयात आणला गेला. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे नव्हता. रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल, असे निवासी डॉक्टरने सांगितले, तेव्हा नातेवाइकांनी त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले आणि चर्चा डॉक्टरांच्या सुरक्षिततेवर स्थिरावली. ती आवश्यकच होती. त्या मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण 'दुसरीकडे' म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न मागेच राहिला. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे कोण दाखल करून घेईल, गाडीत सोबत कोण असेल, हे त्या रात्री कोणी ठरवायचे? शासनाची उणीव एका तरुण डॉक्टरला एका वाक्यात सांगावी लागली आणि तिची शिक्षाही त्यालाच झाली.

हा प्रश्न नवा नाही. १९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. त्याच्याही डोक्यालाच मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेतले नाही. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. कोठे खाट आहे हे रुग्ण पाठवण्यापूर्वी कळावे, यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, असेही न्यायालयाने सांगितले. धुळ्याची घटना या निकालानंतर एकवीस वर्षांनी घडली.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हा निर्णय मोलाचा आहे. मात्र पैशाचा अडसर दूर झाला, तरी दारात आलेला माणूस कोणाचा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. यावलच्या सातपुड्यातून आलेली पावरा बाई किंवा साक्रीकडचा अहिराणी बोलणारा म्हातारा केसपेपरच्या खिडकीशी उभा राहतो, तेव्हा त्याचे दुखणे ऐकून घेऊन ते नीट लिहून घेणारा माणूस लागतो. आपण साहित्याचे लोक, आपल्याला हे कळायला हवे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरातल्यांनी ऐकून टिपून ठेवले, म्हणूनच १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. ऐकणारे कोणी नसते, तर जळगावची ही कवयित्रीही आपल्या लेखी बेपत्ताच राहिली असती.

खाटा आणि तज्ज्ञ वाढले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. शब्दांनी रक्तस्राव थांबत नाही. पण त्यांची वाट पाहत असताना तीन गोष्टी आजही करता येतील. प्रत्येक पाळीच्या आरंभी रुग्ण प्रत्यक्ष पाहून मोजावेत. दुसरीकडे पाठवायचा रुग्ण, त्याला स्वीकारणाऱ्या रुग्णालयाचे आणि डॉक्टरचे नाव कागदावर येईपर्यंत, पाठवणाऱ्याचाच मानावा. आणि अहिराणी व पावरी जाणणारा एक माणूस खिडकीशी बसवावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. पहिली पाळली गेली असती, तर जळगावच्या त्या आजींचा शोध दहा जूनपर्यंत लांबला नसता.