टप उघडा, पण मान सांभाळा

यंदा संक्रांतीस सुरतेस भाच्याकडे जाण्याचा योग आला. त्याची नवी जीप कापडी टपाची. टप गुंडाळून डुमसला निघायचे ठरले आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा मागच्या बाकावर उभा राहिला. मी तत्काळ खाली उतरलो. "मामा, पुढे काच आहे ना!" भाचा म्हणाला. अहो, काच बसलेल्याला राखते. उभ्याची मान तिच्या वरच येते. आणि उत्तरायणाला सुरतेच्या रस्त्यांवर काच पाजलेला मांजा कोठून आडवा येईल, नेम नसतो. हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर बंदी घातली खरी, पण सुती मांजाही गळा कापतोच. म्हणून तर तेथील स्कूटरवाले हँडलवर तारेची कमान बसवतात. एरवीही उघड्या गाडीत पट्टा हवाच. ती उलटली तर माणूस सरळ बाहेर फेकला जातो. ओढण्याही आवराव्या. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ साली नीस येथे उघड्या मोटारीतच गेली. गळ्यातले लांब वस्त्र चाकात अडकले.

वाऱ्याची हौस मलाही आहे, पण त्या दिवशी नव्हे. भाचा रुसला, तरी टप चढला. पोराचे तोंड मात्र डुमसची टोमॅटोची भजी पुढे येईपर्यंत उतरलेलेच होते.