पर्यटनाच्या पैशात गावाचा वाटा

ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साताऱ्याहून कासकडे जाणारा घाटरस्ता शनिवार-रविवारी गाड्यांनी भरून जातो. त्यांत पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या बसही असतात. कास पठारावरच्या फुलांवर अनेकांचा व्यवसाय चालतो. ती टिकवण्यासाठी जे राबतात, त्यांच्यापर्यंत त्यातला किती पैसा पोहोचतो, हे पाहण्याआधी पठार समजून घ्यायला हवे.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, १,२०० मीटरच्या आसपास उंचीवर हा जांभ्या खडकाचा सडा आहे. वरचा मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तिथे मूळ धरत नाही. पावसाचे पाणी खडकावर साचते आणि मातीतले पोषण धुऊन नेते. अशा उपाशी जमिनीत गेंद, तेरडा यांसारख्या बुटक्या, अल्पायुषी वनस्पतीच तग धरतात. सीतेची आसवे ही इवलीशी वनस्पती तर सूक्ष्म जीव पकडून नत्राची उणीव भरून काढते. डबक्यांत वायतुरा फुलतो, आणि टोपली कारवी सात वर्षांतून एकदा. सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत.

यातल्या बहुतेकांचे आयुष्य एका पावसाळ्यापुरते असते. बी धरण्याआधी रोप तुडवले गेले, तर पुढच्या वर्षीचे फूलही जाते. तुडवलेली माती घट्ट होते आणि पाणी मुरण्याची रीत बदलते. फोटोसाठी वाटेबाहेर टाकलेल्या पावलाची किंमत त्यामुळे त्याच दिवशी दिसत नाही.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार होती. कासकडे गर्दी लोटली, तेव्हा ती आवरण्याचे काम वनविभागाने गावांच्या मदतीने उचलले. कास, एकीव, आटाळी आणि कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, म्हणजे ग्रामस्थ आणि वनविभाग यांची सामाईक व्यवस्था, तिकीट घेऊ लागल्या. पुढे पाटेघर आणि कुसुंबीही सामील झाली. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. हंगामात गावातली मुलेच तिकीट फाडतात, वाट दाखवतात, कचरा वेचतात आणि सड्यात शिरणाऱ्यांना हटकतात.

गावाचे जाणतेपण किती मोलाचे आहे, हे कुंपणाने दाखवून दिले. गर्दी रोखण्यासाठी पठाराला जाळी लावली गेली, पण तिने गुरेही अडवली. चराई थांबली तसे गवत माजले आणि बुटक्या फुलांवर त्याची सावली पडू लागली. गावकरी हे सांगत होते, वनस्पतींचे अभ्यासकही सांगत होते. अखेर जाळी काढावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणारा माणूस या परिसंस्थेचा भाग होता. त्याला वगळून केलेले संवर्धन फुलांनाही मानवले नाही.

आता पैशाकडे वळू. सहलीचा पर्यटक सकाळी येतो आणि संध्याकाळी परततो. बस, मुक्काम, जेवण आणि आयोजकाचा मोबदला यांवर तो जे खर्च करतो, त्यातले बहुतांश महाबळेश्वर, सातारा किंवा पुण्यात राहते. पठाराशेजारच्या गावाला तिकिटातला वाटा आणि फार तर भाजलेल्या कणसाचे पैसे मिळतात. तेही हंगाम सहा-सात आठवड्यांचा असताना. जावळी-पाटणच्या डोंगरातली माणसे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबई गाठतात, ती हौसेने नव्हे. उरलेल्या दहा महिन्यांत उत्पन्न नसेल, तर सड्यालगतची जमीन रिसॉर्टवाल्याला विकण्याचा मोह गावाने कशाच्या बळावर टाळायचा?

मंडणगड तालुक्यातील वेळासने याचे एक उत्तर शोधले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे समुद्री कासवांची घरटी वाचवण्याचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात आणि तिथेच जेवतात. ज्या किनाऱ्यावरून अंडी चोरीला जात, तिथे आज घरटे सुरक्षित राहण्यात प्रत्येक यजमान घराचा स्वार्थ आहे. या व्यवस्थेचे सारे बळ त्या स्वार्थात आहे.

सहल कंपन्यांनी कासच्या परिसरात हेच करायला हवे. दिवसाच्या धावत्या सहलीऐवजी गावातला एक मुक्काम, समितीने नेमलेला स्थानिक वाटाड्या, आठवड्याच्या मधल्या दिवसांत लहान गट, आणि प्रत्येक प्रवाशामागे समितीच्या खात्यात ठरावीक रक्कम. लहान आयोजकाचा नफा तुटपुंजा असतो, हे खरे आहे. म्हणूनच ही रक्कम सहलीच्या दरपत्रकात उघडपणे वेगळी दाखवावी. ती का घेतली जाते हे समजल्यावर बहुतेक प्रवासी ती आनंदाने देतील, असे आम्हाला वाटते. समित्यांनीही आपला जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे आणि देणाऱ्या कंपन्यांपुढे ठेवला पाहिजे.

चांदोलीला लागून असलेल्या सांगली जिल्ह्याला तर वेळेआधी सावध होण्याची संधी आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीच्या जंगलासाठी आतली गावे उठली, शेते सोडून माणसे दूर वसली. शिराळा तालुक्यातल्या मणदूरच्या बाजूने आज पर्यटक येतात, पण कासच्या मानाने थोडे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटन उद्योगाकडून संवर्धन शुल्क घेऊन ते स्थानिकांच्या विकासासाठी वापरता येते. रिसॉर्ट उभे राहिल्यावर असे शुल्क बसवायला गेले की वाद आणि खटले सुरू होतात. म्हणून शिराळ्याच्या बाजूने पहिल्या मोठ्या परवानगीवर सही होण्यापूर्वीच शुल्काचा दर, ते जमा करणारी ग्रामसमिती आणि उद्यानासाठी उठलेल्या कुटुंबांचा रोजगारावरील पहिला हक्क, या तीन गोष्टी परवान्याच्या अटींत लिहिल्या जाव्यात.